मोठं रेडिओ-कंट्रोल विमान गावातच बांधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किटमधून मोठं आरसी विमान बांधायला घेतलं की गावात दोन प्रकारची माणसं भेटतात: "हे उडते का खरंच?" म्हणणारी आणि "मीबी मागवतो, कसं करू सांग" म्हणणारी. ही उत्तरं दुसऱ्या प्रकारासाठी आहेत. उदाहरण म्हणून सगळीकडे पायपर जे-३ कब या जुन्या हलक्या अमेरिकन विमानाचं एक-चतुर्थांश मापाचं मॉडेल धरलं आहे. दुसरं मॉडेल असेल तर माप बदलेल, रीत तीच राहील.

"मोठं" म्हणजे नेमकं केवढं?

शौकीन मंडळींत सर्वसाधारण मोजपट्टी अशी: एका पंखाच्या विमानाचा पंखविस्तार ८० इंच किंवा जास्त, दुहेरी पंखाचं असेल तर ६० इंच, किंवा मूळ विमानाच्या चौथ्या हिश्शाएवढं तरी. खऱ्या जे-३ कबचा पंखविस्तार ३५ फूट ३ इंच. चौथा हिस्सा म्हणजे जवळपास १०६ इंच, २.७ मीटरच्या आसपास. लांबी १.७ मीटर. बांधून, बॅटरी-इंजिन बसवून वजन साधारण ७ किलो. घराच्या दारातून पंख आडवा निघत नाही, म्हणून तो दोन भागांत असतो आणि मधे अॅल्युमिनियमच्या नळीवर जोडला जातो.

पहिलंच विमान हे घेतलं तर चालेल?

बांधायला चालेल, उडवायला नाही. आधी फोमचं किलोभर वजनाचं ट्रेनर घ्या, त्यावर हात बसवा. बांधकाम चालू असताना संध्याकाळी ते उडवत राहिलं तर दोन्ही कामं बरोबर संपतात. नागपूरला एनसीसीच्या एअर विंगमध्ये असलेला गावचा एखादा कॉलेजकुमार सापडला तर त्याला सोडू नका. तिथं एरोमॉडेलिंग शिकवतात.

किट आणि एआरएफ यात फरक काय? कोणतं घ्यावं?

एआरएफ म्हणजे पंख-धड तयार, कव्हरिंग (वरचं ताणलेलं आवरण) झालेलं, फक्त जोडणी बाकी. किट म्हणजे खोका उघडला की बाल्सा या अगदी हलक्या लाकडाच्या पाट्या, लेझरने कापलेल्या रिबा (पंखाच्या फासळ्या), प्लायचे फॉर्मर (धडाच्या चौकटी), तारा आणि अंथरुणाएवढा नकाशा. पहिल्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, दुसऱ्याला एक हंगाम जातो.

माझं मत किटच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण शौकापेक्षा व्यवहाराचं आहे. गावात विमान मोडलं तर दुरुस्ती तुम्हालाच करायची असते. ज्यानं प्रत्येक रिब स्वतः चिकटवली त्याला आत काय कुठे आहे ते माहीत असतं, नकाशा घरात असतो, आणि मोडलेली रिब त्यावरून पुन्हा कापता येते. एआरएफचा पंख फाटला की आत काय आहे ते फाटल्यावरच कळतं.

परदेशातून मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आणि सुट्या भागांत आणलेले अख्खे ड्रोन यांच्या आयातीवर आपल्याकडे बंदी आहे. सुटे भाग आणता येतात. मोटर, रिसीव्हर (रेडिओचा संदेश घेणारा भाग) सगळं एकाच खोक्यात भरलेलं विमान कस्टममध्ये अडकण्याची भीती म्हणूनच जास्त. देशातल्या विक्रेत्याकडून लाकूड वेगळं आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगळं घेतलं तर डोकेदुखी कमी.

खर्च किती धरायचा?

किटच्या किमतीवर जाऊ नका, ती फसवी असते. इंजिन किंवा मोटर, सर्वो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रेडिओ, बॅटऱ्या, चार्जर, कव्हरिंग, चाकं हे मिळून किटच्या किमतीइतके किंवा दुप्पट होतात. रेडिओ आणि चार्जर पुढच्या विमानालाही चालतात, म्हणून तिथं काटकसर करू नका. काटकसर करायची तर रंगात करा.

बांधायला जागा केवढी लागते? वर्कशॉप पाहिजे का?

एक सपाट फळी पाहिजे. बाजारातून नवा फ्लश डोअर आणून दोन घोड्यांवर टाकला की काम झालं. सात फुटांचा दरवाजा पंखाच्या एका बाजूला पुरून उरतो. घेण्याआधी दुकानातच त्यावर लांब पट्टी उभी धरून खाली उजेड दिसतो का बघा. फळी वाकडी असली तर पंख वाकडाच होणार, आणि तो नंतर कुणाच्या बापाला सरळ करता येत नाही. फळीवर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर लाकूड टाचण्यांनी टोचून चिकटवायचं. प्लास्टिक नसेल तर पंखासोबत नकाशाही उचलून येतो.

हत्यारं थोडीच: धारदार ब्लेडचा चाकू, सॅंडपेपर चिकटवलेली सरळ फळी, गुण्या, छोटा ड्रिल, स्टीलची पट्टी. वजनासाठी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, आणि बारीक भागांसाठी सोनाराचा. सोनार आधी हसतो, मग रोज विचारतो की आज काय आणलं.

बाल्सा कमी पडला तर सावरीचं लाकूड चालेल? आमच्या बांधावर झाड आहे.

सावर हलकी आहे, काडेपेटीच्या काड्यांना वापरतात, पण बाल्साच्या दुपटीहून जड पडते. विमानाच्या बाल्साचं वजन घनमीटरला साधारण १०० ते १७० किलो असतं. तो बहुतेक इक्वाडोरमधून येतो आणि त्याला इथं तोड नाही. शेपटीत किंवा पंखाच्या टोकाला सावर घालू नका. बॅटरीचा तळ, इंजिनाजवळचा एखादा ठोकळा अशा पुढच्या जागी चालून जाते.

गावातल्या सुताराकडून एक काम मात्र नक्की करून घ्या: जाड ठोकळे आणि लांब पट्ट्या रंध्यावर सरळ करणं. त्याच्या हाताला जी सरळ रेष येते ती आपल्याला येत नाही. फक्त त्याला सांगा की खिळा आणि फेविकॉलचा डबा दोन्ही बाजूला ठेव.

मग गोंद कोणता?

तीन लागतात. रिबा आणि स्पार (पंखातल्या लांब दांड्या) यांना पातळ किंवा मध्यम सीए, म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू. मोठ्या पृष्ठभागांना, बाल्साच्या शीटिंगला, लाकडाचा पिवळा गोंद; तो सावकाश सुकतो आणि घासायला सोपा. इंजिनाची फायरवॉल (इंजिन ज्यावर बसतं ती पुढची भिंत), चाकांचा पाया, पंखाच्या नळीची घरं यांना ३० मिनिटांचा एपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा गोंद. पाच मिनिटांचा एपॉक्सी अशा जागी वापरू नका; तो तात्पुरत्या कामाचा.

आणि पाकिटावरची मिनिटं थंड प्रदेशातली असतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पाच मिनिटांचा एपॉक्सी वाटीतच गरम होऊन दगड होतो. उन्हाळ्यात चिकटवायचं काम पहाटे करा, थोडं थोडं कालवा, आणि वाटीऐवजी पसरट झाकणात कालवा. पसरला की उष्णता निघून जाते आणि वेळ मिळतो. सीएची बाटली फ्रीजमध्ये घट्ट बंद डब्यात ठेवा, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

कूलरच्या खोलीत बांधलं तं काय होते?

हा प्रश्न विदर्भाबाहेर कुणी विचारत नाही, आणि इथं सगळ्यात जास्त नुकसान त्याच्यामुळेच होतं.

आपला कूलर खोलीत गारवा आणतो तो पाण्याची वाफ करून. बाहेर ४५ अंश आणि कोरडं ठाक, आत गार आणि दमट. बाल्सा ही ओल पितो. कूलरसमोर रात्री चिकटवलेला पातळ शीट फुगलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओसरीत ठेवला की काही तासांत आखडतो आणि बाक येतो. रिबांवर शीट आधी चिकटलेलं असेल तर बाक रिबांच्या मधे दिसतो, भुकेल्या बैलाच्या फासळ्यांसारखा. कव्हरिंग कूलरच्या खोलीत ताणून बसवलं तर बाहेर नेल्यावर लाकूड आखडतं आणि ते सैल पडतं.

उपाय साधा. लाकूड आणि बांधकाम ज्या खोलीत आहे तिथं कूलर नको. पंखा लावा, घाम पुसा. तेवढं सहन होत नसेल तर मे सोडून द्या. पावसाळ्यात उलट त्रास: हवाच दमट. जुलै-ऑगस्टमध्ये सुटे भाग कापणं, सर्वो जुळवणं, वायरिंग करणं अशी कामं उरका. पंख चिकटवणं आणि कव्हरिंग दसऱ्यानंतर. सोयाबीन निघालं, घरातली माणसं जरा मोकळी झाली, हवा कोरडी आणि सौम्य झाली की तीन महिने मिळतात. विमान बांधायचा आपला हंगाम तोच.

पंख वाकडा झाला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

फळीवर असेपर्यंत नाही कळत. वजनाखाली सगळेच पंख सरळ असतात. गोंद पूर्ण सुकला की टाचण्या काढा, पंख उचला, दोन हात लांब धरा आणि मागच्या कडेकडून एका डोळ्यानं बघा. मागची कड आणि पुढची कड एकमेकीला समांतर दिसली पाहिजेत. टोकाला मागची कड किंचित वर असेल आणि दोन्ही पंखांत सारखीच असेल तर घाबरू नका; बऱ्याच नकाशांत तसं मुद्दाम सांगितलेलं असतं. त्यामुळे वेग कमी झाला तरी टोक आधी कोसळत नाही. पण एका पंखात पीळ आणि दुसऱ्यात नाही, किंवा टोकाची मागची कड खाली, तर ते विमान लँडिंगला एका बाजूला पलटी खाणार.

पीळ कव्हरिंगच्या आधीच काढायचा. वरच्या आणि खालच्या स्पारच्या मधे उभे वेब लावतात, ते दोन्ही बाजूंनी बंद झाले की पंख डब्यासारखा कडक होतो आणि मग पीळ आत कायमचा बसतो. म्हणून शेवटचे वेब लावताना पंख फळीवर दाबलेलाच ठेवा. वेबच्या लाकडाचे धागे उभे पाहिजेत, आडवे नाही. आडव्या धाग्यांचे वेब दिसायला तसेच, पण जोर आला की धाग्याच्या रेषेत फाटतात. किटमध्ये चुकून आडवे कापलेले आले तर फेकून द्या आणि उरलेल्या पाटीतून नवे कापा.

आणखी एक: चिकटवायला सुरुवात करण्याआधी सगळं लाकूड वजन करून वाटून घ्या. सारख्या वजनाच्या पाट्या डाव्या-उजव्या पंखात जोडीनं गेल्या पाहिजेत. सगळ्यात हलक्या पाट्या शेपटीला.

शेपटीबद्दल येवढा आग्रह कायले?

कबचं नाक आखूड, शेपूट लांब. शेपटीत १० ग्रॅम वाढले की समतोलासाठी नाकात अडीच-तीनपट शिसं भरावं लागतं. म्हणजे शेपटीला एपॉक्सीचा जाड थर, रंगाचा एक हात, सावरीचा ठोकळा असं करत १०० ग्रॅम चढले की पुढे पाव किलो मेलेलं वजन घेऊन उडायचं. शेपटीजवळ गोंद बोटानं पुसून घ्या.

इंजिन लावावं की मोटर?

दोन्ही होतं. कोणतं, ते तुमच्या गावातली वीज आणि मेकॅनिक बघून ठरवा.

मोटरचा हिशेब: सौम्य उडणाऱ्या विमानाला किलोमागे २०० ते ३०० वॅट. ७ किलोला १४०० ते २१०० वॅट झाले. सहा सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) २२.२ व्होल्टची, म्हणजे १८०० वॅटला ८० अॅम्पिअरच्या वर करंट. बारा सेल घेतले तर तो निम्म्यावर येतो, तारा आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) कमी तापतात. मोटरमध्ये घाण नाही, थरथर नाही. पण उड्डाणं बॅटरीच्या जोड्यांइतकीच, आणि शेतातल्या लाइनीचा भरवसा कुणालाच नाही. चांगले चार्जर १२ व्होल्टवरही चालतात, त्यामुळे ट्रॅक्टरची बॅटरी कामाला येते. मात्र ट्रॅक्टर नंतर सुरू व्हायला पाहिजे एवढं बघा.

पेट्रोल इंजिनाचा फायदा गावात मोठा आहे. अशा विमानाला २० ते ३० सीसीचं टू-स्ट्रोक पुरतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं, डायाफ्रामच्या कार्बोरेटरचं. जो मेकॅनिक पाठीवरचे टू-स्ट्रोक फवारणी पंप आणि गवत कापायची मशीन दुरुस्त करतो, त्याला हे इंजिन परकं नाही. प्लग, डायाफ्राम, गॅस्केट यांची त्याला ओळख असते, टू-टी ऑइल त्याच्याच शेजारी मिळतं. प्रमाण मात्र त्याच्या अंदाजानं नको. इंजिनाच्या पुस्तकात जे असेल ते. बहुतेकांचं ३० ते ४० भागांना एक भाग ऑइल असं असतं.

इथं तीन गोष्टी सांभाळा. पेट्रोलला सिलिकॉनची नळी चालत नाही, ती फुगून खराब होते. पेट्रोलची म्हणून मिळणारी पिवळी नळीच घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढतं, म्हणून दिवस संपला की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल इंजिन चालवूनच संपवा. आणि इग्निशन रिमोटवरून बंद करता येईल असा स्विच लावा. थ्रॉटलची तार निसटली तर इंजिन बंद करायला तोच उपाय.

ग्लो इंजिनाच्या नादी लागू नका. त्याचं इंधन मिथेनॉलचं, विषारी, आणि तालुक्याला काय जिल्ह्यालाही सहज मिळत नाही.

फवारणी पंपाचंच इंजिन काढून लावलं तं?

परदेशात गवत कापायच्या मशीनची इंजिनं लोकांनी विमानाला लावली आहेत. पण फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर काढून, प्रोपेलरचा हब वेगळा लेथवर बनवून. तो वेगळा छंद आहे. शिवाय हंगामात पंप लागला तर घरचे विमान उडवू देणार नाहीत.

फायरवॉल कशी बसवायची?

एपॉक्सीनं, आणि बाजूनं बारीक भोकं पाडून उदबत्तीच्या काड्यांचे खुंटे मारून. वरून पातळ एपॉक्सीचा हात, म्हणजे पेट्रोल लाकडात मुरत नाही. नकाशात इंजिन दोन-तीन अंश उजवीकडे आणि थोडं खाली झुकलेलं दाखवलेलं असतं. ते छपाईची चूक नाही. प्रोपेलरच्या ओढीनं विमान डावीकडे जातं, त्याची ती भरपाई आहे. "सरळ करून देतो" म्हणणाऱ्या हुशार मदतनिसाला आवरा.

सर्वो आणि वायरिंगमध्ये कुठं फसगत होते?

छोट्या विमानाची सवय इथं नडते. प्रत्येक एलरॉनला (पंखाच्या मागच्या कडेचं हलतं पातं) आपला वेगळा सर्वो, एलिव्हेटरच्या (शेपटीचं आडवं हलतं पातं) दोन्ही अर्ध्यांना वेगळे, दात धातूचे, जोर ८ ते १५ किलो-सेंटीमीटर. पंखातली लांब तार जाड घ्या. बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि सर्वो नेमका जोराच्या वेळी मवाळ होतो. रिसीव्हरला मोटरच्या बॅटरीवरून वीज देऊ नका. त्याच्यासाठी दोन स्वतंत्र बॅटऱ्या, दोन स्विच. एक मेली तर दुसरी उतरवून आणते.

रिसीव्हरचे दोन अँटेना एकमेकांना काटकोनात, इग्निशनपासून शक्य तितके दूर. फेलसेफ लावा: सिग्नल गेला की इंजिन आयडल (अगदी मंद) किंवा बंद. ते खरंच होतं का, हे विमान बांधून ठेवून, ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बंद करून बघा. एलरॉन वर जास्त आणि खाली कमी फिरेल असं ठेवा, साधारण दोनास एक. कबसारख्या विमानात दोन्ही सारखे ठेवले तर वळताना नाक उलटीकडे जातं.

कव्हरिंग कोणत्या रंगाचं?

वरून पिवळं, खालून वेगळं. कबचा मूळ पिवळा रंग आपल्या उन्हाला योग्यच आहे. काळा किंवा गडद निळा वरच्या बाजूला घेतला की मार्चमधल्या उन्हातही कापड तापून फोड येतात. खालच्या बाजूला रुंद काळे पट्टे द्या, म्हणजे दूरवर गेल्यावर पोट दिसतंय की पाठ ते कळतं. इस्त्री आधी कमी तापमानावर, कडा चिकटवून. मग ताणायला जास्त. कपड्यांची घरातली इस्त्री वापरायची तर तिच्यावर सुती मोजा चढवा, आणि नंतर ती परत मिळेल अशी खात्री घरात देऊ नका.

तोल कुठे धरायचा?

नकाशावर दिलेला असतो, तोच धरा. पडताळ्यासाठी: खऱ्या कबच्या पंखाची रुंदी ६३ इंच, आपल्या मॉडेलची ४०० मिलिमीटर. पुढच्या कडेपासून २५ ते ३० टक्के म्हणजे १०० ते १२० मिलिमीटर. पहिल्या उड्डाणाला १०० च्या बाजूला राहा. शेपूट जड असलेलं विमान कुणाचंच ऐकत नाही, नाक जड असलेलं फक्त आळशी असतं. आडवा तोलही बघा: नाक आणि शेपूट धरून उचललं की एक पंख सारखा खाली जात असेल तर दुसऱ्या टोकात शिशाचा तुकडा.

बॅटरी चार्ज कुठे करायची?

ज्या खोलीत कापूस भरला आहे तिथं अजिबात नाही. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. दिवाळीपासून आपल्या घरांत छतापर्यंत कापूस असतो, आणि लायपो बिघडली की ती आग पाण्यानं सहजी विझत नाही. कुटाराच्या ढिगाजवळ नको, गोठ्यात नको. अंगणात, विटांच्या कोंडाळ्यात, समोर बसून, क्षमतेच्या एकपट करंटनं. ठेवून द्यायची असेल तर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास. मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी विसरू नका.

याले परवानगी लागते का? पोलिसायनं पकडलं तं?

ड्रोन नियम, २०२१ यांच्यात आपलं विमानही येतं. त्यात "मॉडेल" म्हणून वेगळा वर्ग आहे: २५ किलोपर्यंत, नजरेच्या टप्प्यात, फक्त शिक्षण-संशोधन-हौस यासाठी. या वर्गाला टाइप सर्टिफिकेट (त्या बनावटीच्या मंजुरीचा कागद) लागत नाही. पण रिमोट पायलट प्रमाणपत्राची जी सूट आहे ती २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला आणि बिनव्यावसायिक २ किलोपर्यंतच्या मायक्रोला आहे. ७ किलोचं विमान त्यात बसत नाही, हे आधीच समजून घ्या. नोंदणी आणि विमा यांचंही आधी बघा.

उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा उघडायचा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फूट, ५ ते ८ मध्ये पिवळा भाग, म्हणजे परवानगीशिवाय नाही. नागपूर सगळ्यांना आठवतं. अमरावतीचं बेलोरा, अकोल्याचं शिवणी, गोंदियाचं बिरसी विसरतात. बिरसीला तर वैमानिक शिकतात. पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावती आणि भंडाऱ्याची आयुध निर्माणी, मेळघाट-ताडोबा-पेंच यांच्या आसपास हौस करू नका. रेडिओची अडचण नाही, २.४ गिगाहर्ट्झला वेगळा परवाना लागत नाही.

कागद झाला की ठाण्यात आणि पोलीस पाटलाला स्वतःहून सांगून या. आकाशात काही घोंगावलं की फोन त्यांनाच जातो.

मग उडवायचं कुठं? वावरात?

गावाचा खरा फायदा इथं आहे. शहरातल्या माणसाकडे पैसा असतो, १०० मीटर सपाट जागा नसते. गावाची ई-क्लास जमीन, गुरांच्या चराईची, बहुतेक वेळा उत्तम. ग्रामपंचायतीला एक अर्ज द्या आणि गुरं बाहेर गेल्यावरची वेळ धरा. इंजिनाच्या आवाजानं बैल बुजतात आणि बंडीसकट पांदणीत घुसतात. मग विमानाचं कौतुक करणारं कुणी राहत नाही.

काळ्या जमिनीवर चाकांची परीक्षा असते. उन्हाळ्यात भेगांत चाक अडकून विमान नाकावर येतं, पावसात चिखल चाकाला धरतो. चार-पाच इंची मऊ चाकं लावा, आणि मुरमाड पट्टा सापडला तर तोच घ्या. वखर फिरवून पाटा मारलेली दहा मीटर रुंदीची पट्टी पुरते. विजेच्या तारा, डीपी, विहिरीचे कठडे कुठे आहेत ते पायी फिरून बघा. हवेत गेल्यावर तार दिसत नाही.

कोणत्या वेळी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. एप्रिल-मेमध्ये दुपारी उघड्या वावरावर वावटळ उठते. ती कुठून येईल ते सांगता येत नाही आणि ७ किलोचं विमान ती सहज उलथवते. शिवाय ४५ अंशाला हवा डिसेंबरच्या सकाळपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. इंजिनाचा दम कमी, उतरण्याचा वेग जास्त, दोन्ही एकाच वेळी.

पहिल्या उड्डाणाला काय काय बघायचं?

गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, सगळ्यांनी. प्रोपेलर फिरत असताना त्याच्या पुढून आणि बाजूनं कुणी नाही. इंजिन सुरू करताना शेपूट बैलाच्या खुंट्याला दोरानं बांधा. रेंज चेक (रेडिओ दूरवरून पोचतो का ते बघणं) इंजिन बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा. सगळी पाती योग्य बाजूला हलतात का, हे विमानाच्या मागे उभं राहून. उलट एलरॉननं उडालेलं विमान सहसा परत येत नाही.

मग वाऱ्याच्या तोंडावर. एलिव्हेटर थोडा वर ओढून ठेवा, थ्रॉटल हळूहळू द्या, डावीकडे ओढलं की उजवा रडर (शेपटीचं उभं हलतं पातं). शेपूट उचलली की एलिव्हेटर सैल करा आणि वाट बघा. घाईनं ओढून उचललेला कब स्टॉल होतो, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाते. हे विमान ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं, म्हणून उतरताना त्याच्या बरंच वर वेग ठेवा. वळण एलरॉननं नाही, रडर आणि एलरॉन मिळून. वर गेल्यावर आधी उंची, मग ट्रिम (हात सोडला तरी सरळ उडेल अशी बारीक जुळवणी), मग वरच्या वरच वेग कमी करून स्टॉल कसा होतो ते बघणं, आणि उतरणं. गावकऱ्यांनी लूप मागितला तरी नाही.

याच्यानं फवारणी होते का?

नाही. आणि पैसे घेऊन काही केलं की ते "मॉडेल" राहतच नाही.

नेणं-आणणं आणि ठेवणं?

छोटा हत्ती किंवा पिकअप. पंखाच्या मापाच्या जुन्या लुगड्यांच्या दोन पिशव्या, गोधडीसारख्या शिवलेल्या. बाजारातल्या फोमच्या पिशवीपेक्षा टिकतात. घरात भिंतीला टेकवून ठेवू नका: पंखाला बाक येतो, आणि वाळवीला बाल्सा फार आवडतो. आढ्याला दोन पट्ट्यांवर टांगा, चुलीच्या धुरापासून दूर, उंदराची वाट नसेल तिथं.

विमान तुरीत पडलं तर?

डिसेंबरातली तूर डोक्याच्या वर असते आणि आत शिरल्यावर दिशा राहत नाही. विमान जिथं दिसेनासं झालं त्या रेषेत दूरचं एखादं झाड किंवा खांब लगेच मनात धरा आणि तुम्ही उभे होता त्या जागी एक माणूस उभा ठेवा. तो हात करून रेष दाखवेल. ट्रान्समीटर चालू ठेवा, सर्वो हलवत राहा, आवाज येतो. सिग्नल तुटल्यावर वाजणारा छोटा बझर विमानात आधीच लावलेला असेल तर ट्रान्समीटर बंद केला की तो ओरडतो. सापडल्यावर आधी बॅटरी सोडवा, मग तुकडे गोळा करा, सगळे. नकाशावर मांडून बघितल्यावर निम्मे परत चिकटतात. आणि वावराच्या मालकाला आत शिरण्याआधी हाक मारा. मोडलेल्या तुराट्यांचे पैसे तिथंच चुकते करा, म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा उडवता येतं.